शिल्लक १२४ मीटर

'काठावर पास' या शब्दांना आपल्याकडे उगीचच वाईट दिवस आले आहेत. पस्तीस मार्क मिळवून पास झालेल्या मुलाचा बाप पेढे वाटतो खरा, पण वाटताना खोक्याचं झाकण अर्धंच उघडतो. घेणाराही पेढ्याचा अर्धाच तुकडा मोडून घेतो, जणू पूर्ण पेढा खायला निदान फर्स्ट क्लास लागतो. वास्तविक पस्तीसचा अर्थ एवढाच, की कुणीतरी कुठेतरी एक रेषा आखून ठेवली होती आणि हा पोरगा तिच्या अलीकडे न राहता पलीकडे जाऊन पडला. किती पलीकडे, ही नसती चौकशी झाली. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि वीस वर्षांपासून बँकेतला कारकून. आमच्या शास्त्रात खात्यावर एक रुपया उरला तरी ती बाजू जमेची, आणि एक रुपया जादा उचलला गेला तर ती नावेची. मधे तिसरी बाजू नाही.

जगातल्या तमाम काठावर पास झालेल्यांचं संमेलन भरलं, तर अध्यक्षपदासाठी मी माइक मेलव्हिल यांचं नाव सुचवीन. अनुमोदनही मीच देईन. २१ जून २००४ रोजी अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातून उडून हे गृहस्थ 'स्पेसशिपवन' नावाच्या खाजगी यानातून अंतराळात जाऊन आले. त्या वेळी त्यांचं वय ६३ होतं. या वयाची मंडळी आमच्याकडे नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यायला येतात आणि बँकेच्या चार पायऱ्या चढल्याबद्दल शिपाईमामांकडे पाणी मागतात. सरकारी तिजोरीला हात न लावता बांधलेल्या यानातून माणूस अंतराळात जाण्याची ती पहिलीच वेळ. अंतराळाची हद्द १०० किलोमीटरवर धरलेली. मेलव्हिल पोचले १००.१२४ किलोमीटरवर. म्हणजे शिल्लक १२४ मीटर! बारा डब्यांची लोकल दादरच्या फलाटावर अर्धी शिरलेली असताना जेवढी आत असते, साधारण तेवढा माणूस अंतराळात शिरला आणि परत फिरला.

मूळ बेत ११० किलोमीटरच्या आसपास जाण्याचा होता. पण चढताना यान एकीकडे कललं, ठरलेली वाट सुटली, आणि दहा किलोमीटरची चैन १२४ मीटरवर आली. पगाराच्या दिवशीचा अंदाज आणि तीस तारखेची शिल्लक यांत जो फरक पडतो, तो मोहावीतही पडतो हे वाचून मला परमसंतोष झाला. वर पोचल्यावर मेलव्हिल यांनी काय करावं? आपल्या जेम्सच्या गोळ्यांसारख्या रंगीत चॉकलेट-गोळ्या काढल्या आणि यानात तरंगायला सोडल्या. विज्ञानाच्या दृष्टीने या प्रयोगाचं मोल किती ते मला ठाऊक नाही. पण ६३ व्या वर्षी जगाच्या डोक्यावर जाऊन हेच करावंसं वाटणारा माणूस शेजारी राहायला असावा, असं मला फार वाटतं.

आता या यानाची रचना ऐका. ते रचलं बर्ट रुटान या विमानरचनाकाराने, आणि पैसा घातला मायक्रोसॉफ्टच्या दोन संस्थापकांपैकी एक, पॉल ॲलन यांनी. 'व्हाइट नाइट' नावाचं एक विमान या यानाला पोटाशी धरून सुमारे १४ किलोमीटर उंच नेई आणि तिथे सोडून देई. पुढे ज्याचं त्याने पाहायचं. पोटाशी नसून कडेवर असेल, पण आपणही मुलांना बालवाडीच्या दारात असंच सोडतो. सोडल्यावर रॉकेट पेटायचं. त्यात जळायचं काय? रबर! आणि ते जाळायला लागायचा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे दाताचे डॉक्टर हुंगवतात तो लाफिंग गॅस. विनोदी लिहिणाऱ्याला हे वाचून काय वाटलं असेल, त्याची कल्पना इतरांना यायची नाही. हास्याच्या जोरावर माणूस वर जातो, हे मी आमच्या सौ.ला लग्नापासून सांगत आलो आहे. तिचं म्हणणं, आधी स्टुलावर चढा आणि पंख्यावरची जळमटं काढा.

मेलव्हिल यांचं इंजिन पेटलं ते ७६ सेकंदांपुरतं. ते थांबलं तेव्हा यान ५५ किलोमीटरवर होतं. पुढची पंचेचाळीस किलोमीटर ते केवळ आधीच्या जोरावर चढत गेलं, क्षणाक्षणाला मंदावत. आमच्या कित्येक थोर साहित्यिकांचा उत्तरार्ध असाच पार पडतो. फरक इतकाच, की इंजिन बंद झाल्याचं मेलव्हिलना माहीत होतं. शिखरापाशी तीनेक मिनिटं वजन हरवायचं. तिथे गुरुत्वाकर्षण संपतं, असा आपला एक समज असतो. प्रत्यक्षात शंभर किलोमीटरवरही ते जमिनीवरच्या ९७ टक्के शिल्लक असतं. माणूस तरंगतो, कारण तो आणि यान दोघंही एकाच चालीने पडत असतात. सगळेच मिळून पडत असले की पडतोय हे कुणाला जाणवत नाही. हा अनुभव ज्यांना स्वस्तात हवा असेल, त्यांनी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला बसावं.

उतरताना यानाची शेपटी वर दुमडली जायची. मग ते बॅडमिंटनच्या फुलासारखं आपोआप सरळ होऊन सावकाश खाली यायचं, आणि शेपटी पूर्ववत करून धावपट्टीवर तरंगत उतरायचं.

आता पैशाची बाजू. एक कोटी डॉलरचं 'अन्सारी एक्स प्राइझ' लागलेलं होतं. खाजगी पैशातून यान बांधा, वैमानिकाशिवाय आणखी दोन माणसांचं वजन घ्या, १०० किलोमीटर गाठा, सुखरूप या, आणि दोन आठवड्यांच्या आत तेच यान पुन्हा नेऊन दाखवा. २९ सप्टेंबर २००४ रोजी मेलव्हिल आणि ४ ऑक्टोबरला ब्रायन बिनी असे दोघं जाऊन आले आणि बक्षीस पदरात पडलं. मात्र त्यासाठी ॲलन यांचा खर्च झाला दोन कोटी डॉलरहून अधिक. दोन रुपये घालून एक रुपया मिळवण्याचा हा कर्जप्रस्ताव आमच्या शाखेत आला असता, तर आमच्या मॅनेजरसाहेबांनी अर्जदाराला चहा पाजून, घरी कुणी वडीलधारं आहे का, अशी मायेने चौकशी केली असती. त्याहून गंमत म्हणजे बक्षिसाची रक्कम विम्यातून उभी केलेली होती. २००४ साल संपेपर्यंत हे कुणाला जमायचं नाही, या भरवशावर विमावाल्यांनी हप्ता घेतला होता. माणसाच्या हातून काही मोठं होणार नाही, यावर पैसे लावणारे लोक सहसा जिंकतात. म्हणून ते हरले की बरं वाटतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण हा माणूस १२४ मीटर अंतराळात गेला, असं आपण म्हणतो, ते कुणाच्या अंतराळात? तिथे फाटक नाही, पाटी नाही, की जकातनाका नाही. आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. तो उचलून सरळ उभा केला, तर त्याच्या टोकाला पोचलेल्या माणसाला अंतराळ अजून साडेपाच किलोमीटर दूर! मग ही हद्द ठरवली कुणी?

थिओडोर फॉन कारमान नावाचे मोठे शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांच्या विचाराचं सार असं : वर जावं तशी हवा विरळ होत जाते, आणि पंखांच्या आधाराने टिकायला विमानाला अधिकाधिक वेग लागतो. एका उंचीवर हा वेग उपग्रहाच्या वेगाइतका होतो. तेवढा वेग असेल तर मग पंख हवेत कशाला? तिथे विमानाचं राज्य खालसा झालं. हिशेब काटेकोर मांडला, तर हा आकडा शंभराच्या बराच खाली येतो. जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञाने २०१८ मध्ये ८० किलोमीटर हीच हद्द योग्य, असं मांडलंही. पण शंभर हा आकडा गोल आहे, सुवासिनीच्या कुंकवासारखा ठसठशीत आहे. हवाई विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तोच धरला. अमेरिकनांचं घड्याळ वेगळं. त्यांच्याकडे ५० मैल, म्हणजे ८० किलोमीटरच्या किंचित वर गेलात की तुम्ही अंतराळवीर.

या रेषांपायी काय काय होतं पाहा. जो वॉकर नावाच्या वैमानिकाने १९६३ साली 'एक्स-१५' या सरकारी रॉकेट-विमानातून दोनदा १०० किलोमीटरची हद्द ओलांडली. पण अंतराळवीराचं पंखांचं पदक त्या काळी या विमानाच्या लष्करी वैमानिकांनाच मिळे, आणि वॉकर पडले नासाचे मुलकी नोकर. १९६६ मध्ये ते विमान-अपघातात गेले. त्यांच्या नावाने पदक निघालं २००५ साली. माणूस शंभराच्या पलीकडे जाऊन आला, रेषाही ओलांडली, पण फाइल ओलांडायला बेचाळीस वर्षं लागली. एरिअर्सची वाट पाहणाऱ्या तमाम नोकरवर्गाने या हुतात्म्याला दोन मिनिटं उभं राहून वंदन करावं.

दुसरा प्रकार याच्या उलट. स्पेसशिपवनच्या धर्तीवर पुढे मोठं यान बांधलं गेलं, दोन वैमानिक आणि सहा प्रवाशांसाठी. त्यातल्या 'युनिटी' या यानातून ११ जुलै २०२१ रोजी मालक रिचर्ड ब्रॅन्सन स्वतः गेले. बरोबर आपल्या भारतात जन्मलेल्या शिरीषा बांदलाही होत्या. उंची ८६ किलोमीटर. नऊ दिवसांनी प्रतिस्पर्धी जेफ बेझोस आपल्या रॉकेटने १०७ किलोमीटरवर जाऊन आले. दोघांची सोयरीक तुटली ती इथेच. बेझोस यांच्या कंपनीने सुनावलं, आमच्या अंतराळवीरांच्या नावापुढे फुली मारून तळटीप द्यावी लागत नाही. युनिटी ८ जून २०२४ ला शेवटचं उडालं. तोपर्यंत ते शंभरापर्यंत एकदाही पोचलं नाही.

म्हणजे ब्रॅन्सन खोटं बोलले का? तसं म्हणता येत नाही. ८० ची रेषा त्यांनी रात्रीतून आखलेली नव्हती. ती फार आधीपासून होती. आपल्याकडे दोन पंचांगांत तिथी जुळली नाही की ज्याला जे सोयीचं, तो ते पंचांग काढतो. हॉल एकाच तारखेला मोकळा असला, की मुलीच्या बापाला त्याच तारखेचा मुहूर्त सापडतो. त्याला कुणी लबाड म्हणत नाही. माझा आक्षेप रेषेला नाही. प्रश्न असा, की रेषा आणि मर्यादा या एकाच खात्यात टाकाव्यात का? रेषा कागदावर असते. ती शंभराची ऐंशी होऊ शकते, मार्चअखेरीला आमची टार्गेटं होतात तशी. मर्यादा यंत्रात असते. ती ठराव करून हलत नाही.

स्पेसशिपवनची मर्यादा काय होती? बिनी त्याला ११२ किलोमीटरपर्यंत घेऊन गेले आणि एक्स-१५ चा ४१ वर्षांचा विक्रम मोडला. याच्या फार पुढे ते जाऊ शकत नव्हतं. त्याचा अधिकात अधिक वेग सेकंदाला सुमारे एक किलोमीटर. पृथ्वीभोवती फिरत राहायला लागतो जवळजवळ आठ. वेग आठपट, पण ऊर्जा साधारण तीसपट. शिवाय त्या वेगाने परत येताना जी आग लागते, ती सोसायला हे यान बांधलेलंच नव्हतं. शंभर किलोमीटर वर जाऊन येणं हा साखरपुडा. कक्षेत फिरत राहणं हा संसार. रुटान यांनी एवढंच सांगितलं होतं, की आम्ही साखरपुडा करणार. तो त्यांनी केला. मला त्यांचं मोठेपण उंचीपेक्षा या करारात दिसतं : आधी रेषा मान्य केली, मग यान बांधलं.

मर्यादा या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. एक म्हणजे सीमा. दुसरा म्हणजे अदब, रीत, जिच्यामुळे रामाला मर्यादापुरुषोत्तम म्हणतात. हे दोन अर्थ एका शब्दात राहतात, हे आपल्या पूर्वजांचं शहाणपण. आपण कुठवर पोचतो ते ओळखून तसं सांगणं, यातच माणसाची अदब आहे.

आणि हे नुसतं सुभाषित नाही. यंत्राच्या मर्यादेशी खेळ झाला, की हिशेब माणसांनी चुकवला जातो. ज्या लाफिंग गॅसवर मी वर विनोद केला, त्याचीच चाचणी चालू असताना २६ जुलै २००७ रोजी मोहावीत स्फोट झाला आणि तीन माणसं गेली. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी युनिटीचं थोरलं भावंड 'एंटरप्राइझ' हवेत फुटलं. दुमडणाऱ्या शेपटीची कडी ध्वनीच्या १.४ पट वेग आल्यावर काढायची होती. ती ध्वनीचा वेग गाठण्याआधीच निघाली. सहवैमानिक मायकेल अल्सबरी गेले, वैमानिक हवाई छत्रीने वाचले. चौकशी मंडळाने बोट नुसतं कडी काढणाऱ्याकडे दाखवलं नाही. एका माणसाच्या एका चुकीने सारं कोसळेल, ही शक्यता यान बांधणाऱ्यांनी धरलीच नव्हती, असं ते म्हणाले.

हे वाचून मी आमच्या तिजोरीकडे पाहिलं. तिला दोन किल्ल्या असतात. एक हेडकॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकट्याने ती उघडत नाही. पुष्कळ नवे लोक याने दुखावतात. त्यांना वाटतं, बँकेचा आपल्यावर विश्वास नाही. तसं नाही. बँकेचा माणसावर विश्वास असतो, पण माणूस दमतो, गडबडतो, घरची काळजी डोक्यात घेऊन येतो, हेही तिला ठाऊक असतं. दुसरी किल्ली ही त्या माहितीची पोच आहे. माणसाची मर्यादा मान्य करणं हा त्याचा अपमान नव्हे. त्याला जिवंत घरी पाठवण्याची ती तरतूद आहे.

'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण आम्हा मध्यमवर्गीयांची राष्ट्रीय म्हण आहे. तिच्यात एकच अडचण आहे. पाय पोटाशी घेऊन निजलेल्याला अंथरूण किती लांब आहे ते जन्मात कळत नाही. त्याचं समाधान आणि पाय काठापर्यंत ताणून पाहिलेल्याचं समाधान बाहेरून अगदी सारखं दिसतं. दोघंही शांत झोपलेले असतात.

मी स्वतः या प्रश्नाच्या तावडीत अनेकदा सापडतो. आमच्याकडे अधिकारी व्हायचं तर परीक्षा असते आणि बढतीपाठोपाठ बदली असते. आईचे गुडघे, चिरंजीवांची शाळा, सौ.ची नोकरी, असा ताळेबंद मांडून मी दोनदा परीक्षेला न बसायचं ठरवलं, आणि आजही तो ताळेबंद मला जुळलेलाच दिसतो. माझ्याबरोबर लागलेला एक जण आज रीजनल मॅनेजर आहे. तो शाखेत येतो तेव्हा सगळे उभे राहतात. मी आधीपासून काउंटरवर उभाच असतो, त्यामुळे मला वेगळे श्रम पडत नाहीत. पण रात्री कधी तरी विचार येतो. आकाशात इंजिनाचा आवाज थांबला, तर खाली उभ्या असलेल्या माणसाला तीन गोष्टींतली कुठली झाली ते कळत नाही : इंधन संपलं, वैमानिकाने इंजिन बंद केलं, की ते पेटलंच नव्हतं. शांतता तिन्ही वेळा सारखीच. कुठल्या शांततेला समाधान म्हणायचं आणि कुठल्या शांततेला आळस, हे फक्त आत बसलेल्याला सांगता येतं; आणि त्यानेही काटा वाचायचा तो बाहेरच्यांच्या टाळ्या मोजून नव्हे, टाकी पाहून.

मेलव्हिल यांच्या १२४ मीटरचं मला प्रेम वाटतं ते याचसाठी. ती शिल्लक लहान होती, पण त्यांनी टाकीत हातचं काही राखलं नव्हतं. आणि हे साधल्यावर त्या मंडळींनी काय केलं? अंतराळाच्या तीन फेऱ्यांनंतर ते यान पुन्हा उडवलं नाही. २००५ मध्ये ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात टांगलं गेलं. जे करायचं ते झालं, आता एक जीव उगीच कशाला पणाला लावा? इंजिन पेटवायला धैर्य लागतं हे सगळे सांगतात. पेटवून, पोचून, मग ते बंद करायला काय लागतं, यावर कुणी फारसं लिहीत नाही.

हे सगळं तत्त्वज्ञान मी परवा सौ.ला जेवताना ऐकवलं. तिने शांतपणे आमटी वाढली आणि विचारलं, "मग तुमची टाकी आता किती भरलीय?" मी म्हटलं, "बरीच." ती म्हणाली, "छान. स्टूल बाल्कनीत आहे."